'५० बाय ५० चा पाइप' म्हणजे किती किलो?

मळ्यात सालदारासाठी (वर्षाच्या बोलीवरच्या गड्यासाठी) १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली उक्ती, म्हणजे एकरकमी ठेक्याने, द्यायची, हा जळगाव-धुळ्याकडचा नेहमीचा व्यवहार. कोटेशनवर एवढंच असतं: '५० बाय ५० चा पाइप, कलर पत्रा, जोतं, दार-खिडकीसह ठोक.' या ओळीत खोटं काही नाही. ५० बाय ५० ही पाइपाची बाहेरची बाजू, मिमीत. जाडी तेवढी लिहिलेली नाही.

यावल तालुक्यातल्या केळीच्या मळ्यात अशाच कागदावर उभी राहिलेली खोली रोहिणी नक्षत्राच्या पहिल्याच वाऱ्यात एका अंगाने उचलली गेली. सांगाडा कापून वजनकाट्यावर घातला तेव्हा हिशेब उघडा पडला.

सहा खांब, वरची-खालची चौकट आणि छताला आधार देणारी मधली कैची धरून अशा खोलीला २० फुटी नऊ नग लागतात. २ मिमी जाडीचा नग साधारण १८ किलो भरतो, १.६ चा १५, आणि १.२ चा जेमतेम ११. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, रंग मारल्यावर तर विचारूच नका. तोंडी ठरले होते २ मिमी, लागले १.२. नऊ नगांत ६३ किलो लोखंड खाल्लं. सूत्र सोपं आहे: बाजूतून जाडी वजा करा, उरेल त्याला जाडीने आणि मग ०.०३१४ ने गुणा. मीटरमागे किलो मिळतात (बाजू आणि जाडी मिमीत). थोडं कमी-जास्त होतं, पण २ मिमीच्या नावाचा नग १६ किलोच्या खाली आला तर तो परत पाठवायचा.

पातळ पाइपाचं दुखणं वजनापुरतं नाही. जाड रॉडने वेल्डिंग केलं की त्याला भोकं पडतात. मग मिस्तरी चार टाके मारतो, भोकात पुट्टी दाबतो आणि वरून रेड ऑक्साइड फिरवतो. सांधा हातोडीने ठोकून पाहिला की पुट्टीचे पापुद्रे निघतात. ही तपासणी रंगाच्या आधी करायची. पाइपाची उघडी तोंडंही तेव्हाच बघावीत. ती पट्टी लावून बंद केली नाहीत तर पावसाचं पाणी आत साचतं आणि खांब आतून सडतो.

पत्र्यातही हीच युक्ती. ०.५० मिमीचा १२ फुटी पत्रा १७ किलोंच्या आसपास, ०.३५ चा १२ किलो. वाऱ्यात पातळ पत्रा स्क्रूभोवती फाटतो, स्क्रू जागेवरच राहतो. भाव ठरवताना पत्र्याची पूर्ण रुंदी मोजतात, पण एकावर एक चढवल्यावर झाकली जाणारी रुंदी कमी भरते. विचारायची ती हीच.

खरी मोठी चोरी मात्र जमिनीखाली होती, जिथे कोणी वाकून बघत नाही. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. म्हणून खड्डा काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. धुळ्यातल्या साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी मुरूम लवकर लागतो. तापीकाठी लागेलच असं नाही, तिथे निदान तीन फूट खोल जाऊन तळ रुंद करायचा. दीड बाय दीड बाय तीन फुटांचे सहा खड्डे म्हणजे चाळीस घनफूट काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी १ : दीड : ३ या प्रमाणाने सिमेंटच्या नऊ गोण्या. इथे खड्डे फुटभरच निघाले, म्हणजे तीन गोण्यांचं काम. बिल नऊचं.

बिलात जोत्याला दोन ब्रास (दोनशे घनफूट) मुरूम लिहिला होता, भरली होती मळ्यातलीच काळी माती. फरशीला आडवा तडा गेला तो त्यामुळे. वाळूचंही असंच: ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत गुणून शंभराने भागली की ब्रास निघतो. ओली वाळू फुगलेली असते, तेव्हा मापात भरली तरी वाळू कमीच मिळते.

या मालकाने साठ टक्के उचल काम सुरू होण्याआधीच दिली होती. पुढे बोलायला त्याच्या हातात काही राहिलं नाही. उचल माल उतरल्यावर द्यावी, तीही काटापावती पाहून. कागदावर पाइप आणि पत्र्याची जाडी मिमीत, एकूण किलो आणि खड्ड्याची खोली लिहून घ्यावी. काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून फोटो काढावा. 'एवढ्याशा खोलीला कशाला काटा?' असं मिस्तरी म्हणाला, तर घरचा कापसाचा काटा मळ्यात न्यावा. नऊ नग मोजायला अर्धा तास पुरतो.