जुन्या मॉडेल इंजिनाची मोटर: दुरुस्ती की बदली?
सेकंडहँड एचओ (1:87 प्रमाणातलं) मॉडेल रेल्वे इंजिन अडखळतंय, तापतंय, जरा जळका वासही येतोय. मोटर दुरुस्त करायची की नवी बसवायची?

माझं मत, आधी दुरुस्तीच करून बघा. अनेकदा दोष झिजलेल्या कार्बन ब्रशचा (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांचा) निघतो. ब्रश काढा आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) बघा: तांबं काळवंडलेलं, फटींत कार्बनची भुकटी ठासून बसलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं तो पुसायचा, फटी टूथपिकनं कोरायच्या, नवे ब्रश घालायचे. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. जास्तीचं तेल कॉम्युटेटरवर गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फायदा हा की वर्म (मोटरच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) आणि बाकीचे गिअर जागचे हलत नाहीत.

नवी कॅन मोटर (धातूच्या डबीत बंदिस्त असलेली) करंट कमी खाते, हळू वेगातही छान चालते. पण शाफ्टचा व्यास जुळवा, वर्म ओढून काढा, बैठक नव्यानं बनवा... वर्म जरा वाकडा बसला की घरघर सुरू!

वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळलं असेल तर मात्र बदलीच. डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत) करायचं असेल तरीही मी तिकडेच झुकेन. जुन्या उघड्या मोटरचा एक ब्रश अनेकदा थेट चॅसीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर (डीसीसीचे संदेश वाचून मोटर चालवणारं सर्किट) लावला, तर डिकोडर जळू शकतो.