श्रावणी सोमवार: बाबुलनाथ, अंबरनाथ की त्र्यंबकची फेरी?

भाचीचा लग्नानंतरचा पहिला श्रावण, म्हणजे दर सोमवारी शंकराला मूठभर धान्य वाहायचं, शिवामूठ. सासर बदलापूरला, ऑफिस चर्चगेटला, आणि चार सोमवारांत मिळून रजा एकच. परवा तिचा फोन आला, "मावशी, शिवामूठ वाहायला कुठे जाऊ? ऑफिसातल्या म्हणतात बाबुलनाथ. हे म्हणतात त्र्यंबकची फेरी करून टाकू. आणि आई म्हणतात, एका स्टेशनावर अंबरनाथ असताना मुंबईभर कशाला हिंडायचं?"

तिन्हीकडे मी गेलेली आहे आणि उपाशीपोटी गेलेली आहे. पोट भरून निघालेल्या माणसाला त्र्यंबकची फेरी, म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, वेगळी दिसते, आणि सकाळपासून दोन कप चहावर असलेल्या बाईला वेगळी.

तेव्हा आधी उपासाचं. सोमवारचा उपास एकादशीसारखा नसतो. एकादशीचं पारणं दुसऱ्या दिवशी; सोमवारी नक्त. म्हणजे दिवसभर उपास करून दिवेलागणीनंतर देवाला नैवेद्य दाखवायचा आणि जेवायचं. जेवण हा त्या व्रताचाच भाग आहे, म्हणून देऊळ निवडताना मी एकच हिशेब करते: तिथून निघून पानावर किती वाजता बसायला मिळेल?

आमच्या घरी उपास सुटतो वालाच्या बिरड्यावर. शनिवारी रात्री वाल भिजत घालायचे, रविवारी उपसून फडक्यात बांधायचे, सोमवारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायचे. नोकरीच्या दिवसांत मी ते डब्यात भरून ऑफिसला न्यायचे आणि परतीच्या गाडीत, लेडीज डब्यात, मांडीवर रुमाल पसरून सोलायचे. बोटाच्या चिमटीत वाल धरून हलकंच दाबलं की डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर दोन फाका होतात आणि समोरची बाई हसते. कुर्ल्याला चढणारी एक गुजराती बाई न सांगता माझ्या डब्यात हात घालायची. ठाण्यापर्यंत काम संपायचं. असा सोमवार चुकवून मी एकदा फेरीला गेले, त्याचं पुढे सांगते.

बाबुलनाथ. चर्चगेटला नोकरी असेल तर सगळ्यात सोयीचं. चर्नी रोडला उतरायचं, गिरगाव चौपाटीच्या कडेने चालत जायचं, पंधरा-वीस मिनिटांत टेकडीच्या पायथ्याशी. पायऱ्या आहेत, लिफ्टही आहे. गुडघे दुखत असतील तर लाजू नये. अडचण रांगेची. आणि इथे पंचांगातली एक गोष्ट उपयोगी पडते. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो, उत्तर भारतीयांचा सावन त्याआधी पंधरा दिवस, आषाढी पौर्णिमेनंतर. आपली गटारी व्हायची असते तेव्हा त्यांचे दोन सोमवार होऊनही गेलेले असतात. त्यांचा महिना नारळी पौर्णिमेला संपतो, आपला आणखी पंधरा दिवस चालतो. म्हणजे आपल्या पहिल्या दोन सोमवारी बाबुलनाथला मराठी, गुजराती आणि उत्तर भारतीय अशी तिन्ही गर्दी एकत्र. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी मला रांग नेहमीच आखूड मिळाली आहे. बाबुलनाथला जायचंच असेल तर चौथा सोमवार धरा.

वेळ मात्र ऑफिसआधीची. संध्याकाळी गेलात तर रांग, मग चर्नी रोड, मग दादरला गाडी बदलून बदलापूर, आणि नैवेद्य रात्री दहाला. सकाळी जायचं तर बदलापूरहून पहाटेची गाडी. त्यात पाऊस धरून बसला आणि शीवच्या पुढे गाडी अडकली की उपाशीपोटी दोन तास कुठेच गेले नाहीत. पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवाच.

बाबुलनाथपर्यंत आलात आणि हाताशी तासभर असेल, तर मी म्हणेन वर वाळकेश्वरला जा. तिथे गर्दी कमी आणि बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसता येतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून कुंडाचं पाणी गोडं. रामाने वाळूचं लिंग केलं म्हणून वालुकेश्वर, बाण मारून पाणी काढलं म्हणून बाणगंगा, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. मूळ देऊळ आणि कुंड 1127 च्या सुमाराला शिलाहार राजांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभूने बांधलं. ते पोर्तुगीजांच्या काळात गेलं आणि 1715 मध्ये रामा कामतांनी पुन्हा उभं केलं. बाबुलनाथच्या रांगेत मला देव दोन सेकंद दिसतो. वाळकेश्वरला डोळे मिटायला सवड मिळते.

अंबरनाथ. इथे मी थोडी पक्षपाती आहे, आधीच सांगते. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षा, वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं देऊळ. शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री पंडित त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला, पण हे रिक्षावाल्याला सांगण्यात अर्थ नाही. बाहेरच्या भिंतीवर एक बोट ठेवायला मोकळी जागा नाही इतकं कोरीवकाम. आणि गाभारा खाली. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरायच्या, ओल्या दगडाचा वास, बेलाचा वास, पायाखाली पाणी. पदर सावरत, एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या मुठीत तांदूळ घट्ट धरून उतरावं लागतं. खाली पोचेपर्यंत मूठ घामाने ओली झालेली असते आणि तांदूळ तळहाताला चिकटतात. ते झटकून वाहावे लागतात. मला शिवामूठ म्हटलं की तेच आठवतं.

मोठी जत्रा इथे महाशिवरात्रीची. श्रावणी सोमवारीही गर्दी असते, पण सकाळी लवकर गेलं तर दर्शन घेऊन बदलापूरच्या बाईला परत घरी जाऊन, ओले कपडे बदलून ऑफिसची गाडी धरता येते. रजा लागत नाही. तोटा एकच: पायऱ्या बुळबुळीत असतात, आणि सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना वरूनच हात जोडावे लागतील. पश्चिम रेल्वेवाले विचारतील, आमचं काय? तुमच्यासाठी वसईजवळ तुंगारेश्वर आहे. रान सुंदर आहे, पण श्रावणात सहलीला आलेली गर्दीच जास्त, आणि ओढ्यात उतरणाऱ्यांकडे बघून जीव वरखाली होतो.

आता त्र्यंबक.

बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, गोदावरीचा उगम, नानासाहेब पेशव्यांच्या काळात 1755 ला सुरू होऊन 1786 ला पुरं झालेलं देऊळ. इथे लिंग वर आलेलं नाही. खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत: ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. विठ्ठलपंत मुलांना घेऊन ही प्रदक्षिणा करत असताना वाघ आला, पळापळीत निवृत्तिनाथ चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, अशी कथा. त्याच वाटेने आजही रविवारी रात्री कुशावर्त कुंडात बुडी मारून लोक अनवाणी निघतात. प्रयागतीर्थ, पहिने, एका बाजूला ब्रह्मगिरी धुक्यात, वीसेक किलोमीटर. गावकरी वाटेत चहा-केळी वाटतात, डोक्यावर पाऊस, पुढे-मागे "बम बम भोले". सूर्य उगवतो तेव्हा डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटलेल्या दिसतात. त्याची तोड बाबुलनाथलाही नाही आणि माझ्या लाडक्या अंबरनाथलाही नाही.

पण हिशेब करा. मुंबईहून नाशिक पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पुढे त्र्यंबक अठ्ठावीस-तीस. त्या दिवशी खासगी गाड्या गावाच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे एसटीच्या जादा गाड्या. फेरीला पाच ते सात तास. मग दर्शनाची रांग वेगळी, आणि सर्वसाधारण दर्शन गाभाऱ्याच्या बाहेरूनच. हाताने मूठ वाहायची हौस तिथे भागत नाही. मी गेले तेव्हा आमच्या बायकांच्या गटाने एक खासगी बस केली होती. येताना कसाऱ्याच्या घाटात ती बंद पडली. नैवेद्याचा शिरा डब्यात, देव घरी, आम्ही रस्त्याच्या कडेला. माझं सोमवारचं नक्त मंगळवारी सकाळी सात वाजता सुटलं, तेही वाल न भिजवता, वरण-भातावर. शिवाय मी ती फेरी निर्जळी केली होती, कारण बरोबरची एक जण म्हणाली पुण्य जास्त. पहिन्याच्या पुढे डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका अनोळखी मुलाने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. निर्जळी कुणी सांगितली होती, हे मला अजून कळलेलं नाही. सोमवारच्या व्रतात ती नाही.

साबुदाण्यावर विसंबून फेरीला निघू नका, हेही त्याच अनुभवातून. वाटीभर खिचडीने तासभर बरं वाटतं, मग छातीत जळजळ. वरीचा भात, ताक, उकडलेलं रताळं, खजूर यांवर माणूस चालतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर उपास आणि फेरी दोन्ही डॉक्टरांना विचारून. फळं खाऊन केलेला सोमवारही सोमवारच.

भाचीला मी काय सांगितलं ते असं. पहिले तीन सोमवार अंबरनाथ, सकाळी, सासूबाईंना घेऊन. त्या वर बसतील, तू खाली जा. चौथा बाबुलनाथ, ऑफिसच्या आधी, जमलं तर वाळकेश्वर. रजा एक आहे ती देवळासाठी खर्चू नकोस, पहिल्या सोमवारी घे आणि संध्याकाळचा स्वयंपाक सावकाश कर. सासरचा पहिला नैवेद्य आहे. त्र्यंबकला जा, पण शिवामूठ पाच वर्षं वाहायची असते, घाई नाही. आणि जेव्हा जाशील तेव्हा मंगळवारचीही रजा टाक आणि रात्री तिथेच राहा, म्हणजे नक्त तिथेच वेळेवर सुटेल. नवऱ्याला फारच हौस असेल तर त्याला मित्रांबरोबर पाठव. मूठ तुला वाहायची आहे, त्याला नाही.

मुठींचा क्रमही तिने लिहून घेतला: पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. 2023 सारखा श्रावणच अधिक आला तर सोमवार आठ-नऊ होतात. तेव्हा आमच्याकडे मुठी निज श्रावणातच, म्हणजे अधिक महिन्यानंतरच्या खऱ्या श्रावणातच वाहिल्या.

"मावशी, जव बदलापुरात मिळतील का?"

मिळतील, पण वाण्याकडे नुसतं "जव" मागितलंस तर तो सातू देईल आणि दोन्ही एकच म्हणेल. दादरला पूजेच्या सामानाच्या दुकानात दोन पुड्या वेगवेगळ्या मिळतात. मी या शनिवारी वाल आणायला जाणारच आहे, तुझ्याही घेते.