सुंटो पीएम-५ क्लिनोमीटर: नॅचरल रिसोर्सेसच्या विद्यार्थ्याने घ्यावा का?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात नॅचरल रिसोर्सेस किंवा फॉरेस्ट टेक्नॉलॉजीच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेतला की झाडं मोजायची वेळ लवकरच येते. फील्ड लॅबच्या सामानाच्या यादीत बूट, हेल्मेट, केशरी व्हेस्ट आणि पावसात भिजली तरी लिहिता येईल अशी वही असते. त्यातच एक ओळ असते: क्लिनोमीटर, म्हणजे नजरेचा कोन मोजून झाडाची उंची आणि जमिनीचा उतार काढायचं उपकरण. किंमत शंभर डॉलरच्या बरीच वर. मग घरी प्रश्न निघतोच की फोनवर फुकट अ‍ॅप असताना हा खर्च कशाला?

आमचं मत स्पष्ट आहे: घ्या. मात्र मॉडेल नीट बघून घ्या, आणि घेतल्यावर तो वापरायला खरोखर शिका. चुकीचं वाचन करणाऱ्याच्या हातात हे उत्तम उपकरण झाडाची उंची सरळ निम्म्यावर आणतं.

सुंटो ही १९३६ साली सुरू झालेली फिनलंडची कंपनी. पीएम-५ काडेपेटीहून थोडा मोठा, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा आणि बॅटरीशिवाय चालणारा आहे. आत द्रवाने भरलेल्या डबीत वजन लावलेली चकती फिरते. भिंगातून पाहिलं की चकतीवरचे आकडे आणि एक आडवी रेघ दिसते. उजवा डोळा भिंगाला, डावा उघडा ठेवून झाडाकडे. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांवर येतात आणि ती रेघ थेट झाडावर टेकल्यासारखी दिसते. एक डोळा मिटायची सवय असेल तर ती मोडा. काहींच्या दोन डोळ्यांच्या नजरा पूर्ण समांतर नसतात, त्यांची रेघ वरखाली सरकते. एकदा डावा डोळा हाताने झाकून रेघ हलते का ते पाहा. हलत असेल तर एकाच डोळ्याने वाचा, त्याच डोळ्याने भिंगातली रेघ आणि भिंगाच्या कडेवरून झाड दोन्ही बघत.

मॉडेलचा घोळ इथे सुरू होतो, कारण बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पीएम-५/३६० पीसी मध्ये डावीकडे अंश आणि उजवीकडे टक्के, म्हणजे १०० फूट आडव्या अंतरामागे किती फूट चढ किंवा उतार. ‘६६’ लिहिलेल्या मॉडेलमध्ये ६६ फुटांवरून थेट फुटांत उंची सांगणारी पट्टी असते. ६६ फूट म्हणजे सर्व्हेची एक साखळी. अशा १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, म्हणून अमेरिकी वनखात्यांत हे माप अजून टिकून आहे. पीएम-५/१५२० मध्ये १५ आणि २० मीटरच्या पट्ट्या असतात, आणि अमेरिकेतल्या कोर्सला तो गैरसोयीचाच. यादीत दुसरं काही लिहिलं नसेल तर ३६० पीसी घ्या. टक्क्यांनी उंची, अंशांनी उताराची दुरुस्ती, दोन्ही कामं होतात.

उंची काढायची रीत सोपी आहे. झाडापासून १०० फूट आडवं अंतर टेपने मोजा. टक्क्यांच्या पट्टीवर शेंडा वाचा, मग बुंधा जमिनीला टेकतो ती जागा वाचा. शेंडा +७२ आणि बुंधा −६ आला तर दोन्हींतला फरक ७८, म्हणजे झाड ७८ फूट. तुम्ही उताराच्या खाली उभे असाल आणि दोन्ही वाचनं वरच्या दिशेची आली तर मोठ्यातून लहान वजा. अंतर ५० फूट असेल तर फरकाच्या निम्मे. मीटरमध्येही तसंच: २० मीटरवरून फरक ७३ टक्के आला तर उंची १४.६ मीटर.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे टक्क्यांऐवजी अंश वाचणं. ३५ अंश म्हणजे साधारण ७० टक्के. चुकीची पट्टी वाचली की ७० फुटांचं झाड वहीत ३५ फुटांचं होतं, आणि आकडा अगदीच अशक्य वाटत नसल्याने चूक पुढे लाकडाच्या घनफळाच्या हिशेबात जाऊन बसते. शंका आली की उपकरण सरळ वर किंवा खाली रोखा. पट्टीच्या टोकाला कोणती बाजू कशाची आहे ते छापलेलं असतं.

दुसरी चूक उतारावरच्या टेपची. टेप जमिनीलगत तिरका धरला की अंतर जास्त भरतं. ३० टक्के उतारावर तिरके १०० फूट म्हणजे आडवे ९५.८ फूटच. उंची चार टक्क्यांनी फुगते. तो उतारही याच क्लिनोमीटरने मोजून अंतर दुरुस्त करायचं असतं. नमुन्याची झाडं मोजायला गोल प्लॉट आखताना तर हे विसरून चालतच नाही: एक दशांश एकराच्या प्लॉटची ३७.२ फुटांची त्रिज्या आडवी धरलेली असते.

उभं कुठे राहायचं यालाही गणित आहे. १०० फुटी झाडाचा शेंडा वाचताना १ अंशाची चूक झाली, तर १०० फुटांवरून उंचीत साधारण ३.५ फुटांचा फरक पडतो. ५० फुटांवरून तोच ४.४ फूट, आणि २०० फुटांवरूनही ४.४ च. म्हणून झाड जेवढं उंच तेवढं लांब उभं राहायचं. दाट रानात ते जमत नाही हे खरं, पण म्हणून बुंध्याजवळ उभं राहून मान वर करून वाचू नका. ओकसारख्या पसरट झाडाची जवळची फांदी खरा शेंडा झाकते आणि उंची वाढवून सांगते. झाड कललेलं असेल तर कलाच्या काटकोनात उभे राहा. तुमच्याकडे कललेलं झाड जास्त उंच मोजलं जातं, उलट्या बाजूला कललेलं कमी.

आता फोनचं अ‍ॅप. फोनचा कोन मोजणारा सेन्सर वाईट नसतो, अडचण नेम धरण्यात आहे. फोनच्या कडेवरून शेंडा साधायचा आणि त्याच वेळी स्क्रीनला हात न लावता आकडा पकडायचा. त्यात उन्हाची चकाकी, ओले हातमोजे, थंडीत बसणारी बॅटरी. घरी सरावाला अ‍ॅप चांगलं आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत फोन चालतो का, ते सिलॅबसमध्ये आधी बघा.

झाडाचा व्यास अंदाजाने मोजायची पट्टी, बिल्टमोर स्टिक, स्वस्त आहे आणि तिचा इतिहासही मोलाचा: १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सुरू झालेल्या बिल्टमोर फॉरेस्ट स्कूलचं नाव तिला आहे. पण ती डोळ्यापासून २५ इंचांवर धरायच्या हिशेबाने आखलेली असते. हात आखूड किंवा लांब असेल तर व्यास चुकतो. झटपट अंदाजासाठी ठीक, नोंदीसाठी नाही. त्याऐवजी व्यासाचा टेप घ्या. त्यावरचा एक ‘इंच’ खरा ३.१४ इंचांचा असतो, त्यामुळे बुंध्याभोवती गुंडाळला की थेट व्यास वाचता येतो. उताराच्या वरच्या बाजूने, जमिनीपासून ४.५ फुटांवर. हे १.३७ मीटरच होतात, आणि भारतातही छातीच्या उंचीवरचा घेर तिथेच मोजतात. दापोलीत वनशास्त्र शिकून अमेरिकेत आलेल्याने एवढंच लक्षात ठेवावं: इथल्या टेपवरचा आकडा हा व्यास आहे, त्याला परत ३.१४ ने भागू नका.

उंची मोजणारा लेझर हिप्सोमीटर, त्याच कामाचा अल्ट्रासाउंडवर चालणारा व्हर्टेक्स आणि खोडातून लाकडाची बारीक कांडी (कोर) काढायचा इन्क्रिमेंट बोरर ही महागडी सामग्री विद्यार्थ्याने विकत घेऊ नये. ती बहुधा विभागाकडे असते, आणि बोरर तर एका चुकीच्या हाताळणीत मोडतो. क्लिनोमीटर मात्र कोर्स संपल्यावरही लागतो. केंद्रीय वनसेवेच्या हंगामी टेक्निशियन जागांसाठी जीएस-४ या सरकारी वेतनश्रेणीला बारावीनंतरचं दोन वर्षांचं योग्य शिक्षण धरलं जातं. पण या जागांना सहसा अमेरिकी नागरिकत्व लागतं. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बीवाल्यांचे कुटुंबीय) व्हिसावर असलेल्या मुलांनी खासगी फॉरेस्ट्री कंपन्यांचा आणि आपल्या व्हिसाच्या नियमांचा विचार प्रवेशाआधीच करावा.

जपायचं कसं? गळ्यातली दोरी काढू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. डीईईटी असलेलं डासांचं औषध हाताला लावलं असेल तर भिंगाला हात लावू नका, ते प्लास्टिक खातं. चकती अडकत असेल किंवा डबीत मोठा बुडबुडा असेल तर उघडायच्या फंदात पडू नका.

जुना घेत असाल तर पैसे देण्याआधी एक तपासणी करा. तीसेक पावलांवरच्या दोन झाडांवर आपल्या डोळ्याच्या उंचीएवढी, जमिनीपासून मोजून, खूण करा. पहिल्या खुणेला उपकरण लावून दुसरी खूण वाचा, मग दुसरीवरून पहिली. एकदा +३ आणि एकदा −३ आलं तर उपकरण बरोबर. +३ आणि −२ आलं तर बेरीज १, तिच्या निम्मे म्हणजे अर्धा टक्का ते कायम वर दाखवतं. उंची काढताना शेंडा आणि बुंधा यांच्या वजाबाकीत ही चूक निघून जाते, पण उतार आणि रस्त्याची चढण मोजताना राहते. अर्ध्या टक्क्यापर्यंत चालवून घ्या. त्याहून जास्त निघाली तर सौदा सोडा.