बॉयलर गेला, हीट पंप आला : इंग्लंडमधील अनुदान योजनेचा अनुभव

इंग्लंडमधल्या आमच्या घरातला जुना गॅस बॉयलर काढून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवला आणि त्यासाठी ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’चे अनुदान घेतले. एक पूर्ण हिवाळा काढल्यावर योजनेविषयी एक मत झाले आहे आणि पंप बसवणाऱ्या कंपनीविषयी दुसरे.

इंग्लंड आणि वेल्ससाठी ही योजना मे २०२२ मध्ये सुरू झाली; सुरुवातीला ५,००० पाउंड असलेले अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ७,५०० पाउंडांवर गेले. अर्ज घरमालकाने नव्हे, तर एमसीएस (अशी यंत्रे बसवणाऱ्यांच्या दर्जाचे) प्रमाणपत्र असलेल्या कंपनीने करायचा असतो आणि अनुदानाची रक्कम तिच्या बिलातूनच वजा होते. आम्हाला फक्त ऑफजेम या ऊर्जा नियामक संस्थेच्या ई-मेलला संमती द्यावी लागली. शिवाय बसवण्याच्या खर्चावर मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. सरकारी योजना म्हटली की खेटे घालण्याची मनाची तयारी आपण आधीच करून ठेवतो. ती तयारी इथे वाया गेली.

सर्वेक्षणही नीट झाले. आलेल्या तंत्रज्ञाने लेझरच्या मोजपट्टीने प्रत्येक खोली आणि खिडकी मोजली, भिंती पोकळ आहेत की भरीव हे पाहिले आणि खोलीगणिक किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब मांडला. बॉयलरपेक्षा कमी तापलेल्या पाण्यावर हीट पंप चांगला चालतो, म्हणून तेवढीच ऊब मिळण्यासाठी रेडिएटरचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. आमचे आठांपैकी पाच रेडिएटर त्यामुळे बदलले. हाताला ते जेमतेम कोमट लागतात, तरी खोली दिवसभर एकसारखी उबदार राहते, याची सवय व्हायला आठवडा गेला. थंड, दमट सकाळी बाहेरच्या यंत्रावर साचलेले हिम ते स्वतःच वितळवते आणि वाफेचा मोठा लोट उठतो. पहिल्यांदा तो पाहून शेजारी दार वाजवत आले होते.

तक्रार आहे ती पुढची. डिसेंबरचे वीजबिल पाहून चौकशी केली, तेव्हा रेडिएटरमध्ये फिरणारे पाणी हवा कशीही असली तरी ५५ अंशांवर बांधून ठेवलेले आढळले. बाहेरच्या हवेप्रमाणे हे तापमान आपोआप कमी-जास्त करण्याची सोय यंत्रात होती, पण ती बंद होती. ‘गार वाटते अशी तक्रार नको, म्हणून आम्ही सगळीकडे असेच ठेवतो,’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या फोननंतर आलेल्या माणसाने वीस मिनिटांत ती सोय चालू केली. तोपर्यंत विजेच्या एका युनिटमागे सुमारे २.६ युनिट उष्णता मिळत होती. नंतर ती ३.७ झाली. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग पडते आणि चांगला बॉयलर गॅसमधली नव्वदेक टक्के उष्णता देतो, हे लक्षात घेतले तर साडेतीनच्या खाली पंप गॅसपेक्षा महाग पडतो. म्हणजे त्या वीस मिनिटांत सगळा सौदा फिरला.

सरकार आणि उद्योग यांनी मिळून बरेच काही उभे केले आहे. बॉयलर उत्पादकांना एप्रिल २०२५ पासून आपल्या बॉयलर विक्रीच्या ठरावीक प्रमाणात हीट पंप विकण्याचे बंधन आहे आणि पहिल्या वर्षी ते प्रमाण ६ टक्के होते. इंग्लंडमध्ये तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी ५०० पाउंडांपर्यंत मदत देण्यात आली. बाहेरचे यंत्र कुंपणापासून एक मीटर अंतर सोडून बसवण्याची अटही तिथे मे २०२५ मध्ये गेली. मात्र २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख पंप हे २०२० मध्ये जाहीर झालेले उद्दिष्ट असो की उत्पादकांवरचे बंधन, मोजली जाते ती बसवलेल्या यंत्रांची संख्या. यंत्र पहिल्या हिवाळ्यात कसे चालते हे पाहिल्यावरच अनुदानाचा शेवटचा हप्ता कंपनीला द्यावा, असे मला वाटते.

योजनेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, कंपनीला अडीच. कोटेशन घेताना पाणी किती अंशांवर फिरवणार आणि थंडी पडल्यावर जुळणी करायला माणूस पुन्हा येणार का, हे लेखी मागावे. आम्ही घेतलेल्या तीन कोटेशनांपैकी एकात या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. ९०० पाउंडांनी महाग म्हणून तेच आम्ही सर्वांत आधी बाजूला ठेवले होते.