काँक्रीटमधले जस्ताचे ॲनोड : वर्सोव्याच्या आमच्या इमारतीतला बावीस महिन्यांचा अनुभव

वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर असलेली आमची चार मजली इमारत १९८३ साली बांधून झाली. गेल्या पंधरा वर्षांत तिच्या स्टिल्टच्या, म्हणजे तळाच्या मोकळ्या मजल्याच्या, खांबांची दुरुस्ती तीनदा झाली, आणि त्यांपैकी तिसऱ्या दुरुस्तीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, आम्ही काँक्रीटच्या आत जस्ताचे ५८ ॲनोड, म्हणजे लोखंडी सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, बसवून घेतले. मी सोसायटीची सचिव आहे आणि निवृत्तीपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, म्हणून वाचनांची नोंदवही आपसूकच माझ्याकडे आली. दोन पावसाळे उलटून गेल्यामुळे आता या वस्तूविषयी काही जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

ॲनोड घ्यावेसे का वाटले, ते आधीच्या दुरुस्त्यांच्या फजितीवरून कळेल. २०११ साली खांबांचे फुगलेले काँक्रीट फोडले, सळया घासल्या, त्यांवर गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मॉर्टरने खड्डे भरून घेतले. काम देखणे झाले होते. चार वर्षांनी त्याच खांबांना पुन्हा तडे गेले, पण नव्या ठिगळाला काहीही झाले नव्हते. तडे ठिगळाच्या कडेकडेने, जुन्या काँक्रीटमध्ये, एखाद्या चौकटीसारखे उमटले होते. तेव्हाच्या कंत्राटदाराने त्याचे खापर समुद्राच्या हवेवर फोडले आणि आम्हीही ते मान्य केले. २०१८ मध्ये ती चौकट फोडून भरली, तेव्हा तडे आणखी वीतभर पलीकडे सरकले.

यामागचे कारण मला फार उशिरा उमगले, आणि वर्षानुवर्षे फळ्यावर डॅनियल घट (जस्त आणि तांब्याचा विद्युत घट) काढणाऱ्या बाईला ते उशिरा उमगावे याची थोडी शरमही वाटली. चांगल्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या अल्कधर्मी परिसरात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. मिठातला क्लोराइड आत झिरपला की तो थर जागोजागी फुटतो, फुटलेली जागा ॲनोड होऊन गंजू लागते आणि शेजारची सळई कॅथोड बनून सुरक्षित राहते. म्हणजे गंजणारी जागा स्वतः झिजून शेजाऱ्याला वाचवत असते. आपण नेमकी तीच जागा साफ करून तिथे नवे, क्लोराइडविरहित मॉर्टर भरतो. मग आतली सळई कॅथोड होते, आणि इतकी वर्षे वाचलेल्या, पण खारट काँक्रीटमध्येच पडून असलेल्या शेजारच्या भागावर गंजण्याची पाळी येते. आमच्या खांबातून सळईच्या खोलीवर काढलेल्या भुकटीत प्रति घनमीटर १.४ किलो क्लोराइड निघाला. आयएस ४५६ : २००० या मानकात ताज्या सळईबंद काँक्रीटसाठी ०.६ किलोची मर्यादा आहे. सळईवरचे काँक्रीटचे कव्हर कुठे १८ तर कुठे २५ मिलिमीटर भरले. तेच मानक खांबाला ४० मिलिमीटर सांगते.

यावरचा उपाय असा की गंजण्याचे काम लोखंडाऐवजी जस्ताकडे सोपवायचे. कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून वाचवला होता. पत्रा इतका उत्तम वाचला की तांबे विरघळेनासे झाले आणि तळावर शिंपले व शेवाळ माजून जहाजांची गती मंदावली, हा त्यातला गमतीचा भाग. काँक्रीटच्या पुलांसाठी बाहेरून विद्युत्प्रवाह देण्याची पद्धत कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी १९७३ मध्ये एका पुलाच्या पृष्ठभागावर वापरून दाखवली.

ती दुसरी पद्धतही आमच्यापुढे होती. तीत खांबाला टायटॅनियमची जाळी गुंडाळून वर मॉर्टरचा थर देतात आणि विजेच्या पुरवठा-पेटीतून अखंड प्रवाह सोडतात. ती अधिक समर्थ आहे, यात मला शंका नाही. पण पेटी वर्षानुवर्षे चालू ठेवणे, तिची वाचने घेणे, तारा उंदरांपासून आणि भंगारवाल्यांपासून सांभाळणे ही कामे पाण्याचा पंपसुद्धा धड वेळेवर न लावणाऱ्या सोसायटीला झेपणार नाहीत, असे मी सर्वसाधारण सभेत स्पष्ट सांगितले. पूर्वी पणजीत राहिलेले आमचे एक सभासद ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला त्याची आठवण काढून विचारू लागले, की अशी यंत्रणा असती तर तो पूल वाचला असता का. सल्लागाराने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे होते. त्या पुलात ताणलेल्या तारा होत्या, आणि अशा उच्च ताकदीच्या तारांना गरजेपेक्षा अधिक प्रवाह दिला तर पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होऊन त्या ठिसूळ होतात. त्यामुळे तिथे मर्यादा फार काटेकोरपणे पाळाव्या लागतात. साध्या सळयांच्या इमारतीत ही धास्ती बरीच कमी असते, आणि जस्ताच्या ॲनोडचे विभव (विद्युत पातळी, व्होल्टमध्ये मोजतात ती) मुळातच मर्यादित असल्यामुळे तिथे ती जवळजवळ उरत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. एक ॲनोड म्हणजे मोठ्या पेढ्याएवढी सिमेंटची वडी, जिच्या पोटात सुमारे शंभर ग्रॅम जस्त असते आणि दोन्ही अंगांनी बांधायच्या तारा बाहेर आलेल्या असतात. जस्ताभोवतीचे मॉर्टर मुद्दाम अतिशय अल्कधर्मी ठेवतात, कारण नाहीतर जस्तावरच थर धरून ते निष्क्रिय होते. ठिगळाच्या कडेजवळ, आमच्याकडे ४५ ते ६० सेंटिमीटर अंतराने, या वड्या सळईला पिळून बांधल्या. एका वडीला बसवण्यासकट दीड हजार रुपयांच्या आसपास खर्च आला आणि एकूण दुरुस्तीच्या बिलात त्यामुळे साधारण बारा टक्क्यांची भर पडली.

बसवण्याच्या कामात मात्र माझा पार अंत पाहिला गेला. मुंबईतल्या दुरुस्तीच्या कामांचा एक ठरलेला क्रम आहे : सळई घासा, जस्तयुक्त इपॉक्सीचा लेप मारा, मग जुन्या काँक्रीटला इपॉक्सीचा बाँड कोट लावा आणि पॉलिमर मॉर्टर भरा. हा क्रम हातांत इतका मुरलेला आहे की मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तीन खांबांच्या सळया राखाडी लेपाने रंगवून टाकल्या आणि त्या लेपावरच वड्या बांधल्या. लेप विद्युतरोधक असतो, तेव्हा सळईला न टेकलेल्या तारेचा उपयोग शून्य. मी मल्टिमीटर घेऊन परांचीखाली उभी राहिले, एक टोक ॲनोडच्या तारेला आणि दुसरे फूटभर पलीकडच्या उघड्या सळईला लावले. एक ओहमच्या आत यायला हवे तिथे काटा हलेनाच. सुपरवायझर म्हणाले, "बाई, वडी आत गेली की गंजाची काय बिशाद! एवढं मोजायचं कशाला?" मी त्यांच्या हाती मल्टिमीटर दिला आणि रंगवलेली व न रंगवलेली अशा दोन्ही सळया त्यांनाच मोजायला लावल्या. त्यानंतर मात्र तो गृहस्थ प्रत्येक ॲनोड स्वतः मोजू लागला आणि खडूने खांबावर आकडा लिहू लागला, हे मुद्दाम नोंदवते. बाँड कोट वगळला, तिथे जुने काँक्रीट पाण्याने भिजवून घेतले, आणि मॉर्टरही विद्युत्प्रवाहाला फार अडथळा न करणारे मागवले. रंगलेले तीन खांब पुन्हा घासून घेतले, असे मला सांगण्यात आले. त्याविषयी पुढे येईल.

वाचनांसाठी दोन खांबांवर वेगळी व्यवस्था केली. तिथले ॲनोड सळईला थेट न बांधता त्यांच्या तारा स्टिल्टमधल्या एका पेटीत आणल्या आणि दहा ओहमचा रोध व एक खटका मध्ये घालून सळईच्या तारेशी जोडल्या. पुरवठादाराच्या मूळ प्रस्तावात हे नव्हते. मागितले नसते तर मिळालेही नसते, आणि मग आज माझ्याकडे लिहिण्यासारखे काहीच नसते, कारण या वस्तूचे काम डोळ्यांना कधीच दिसत नाही.

पाच ॲनोड असलेल्या पहिल्या खांबावर सुरुवातीला रोधावर ५२ मिलिव्होल्ट, म्हणजे ५.२ मिलिअँपिअर प्रवाह मिळाला. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच निम्म्याहून खाली आला, तेव्हा माझा धीर थोडा सुटला होता. पुढे लक्षात आले की हा प्रवाह ऋतूप्रमाणे वागतो. जानेवारीच्या कोरड्या थंडीत तो एक मिलिअँपिअरच्या जवळ उतरतो, पाऊस लागला की चढतो आणि ओल टिकून असताना सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की सर्वाधिक होतो. गंजाला जोर येतो तेव्हाच जस्तालाही येतो, हा या पद्धतीचा मला सर्वांत आवडलेला गुण आहे. त्यासाठी कोणाला बटण फिरवावे लागत नाही.

बावीस महिन्यांची सरासरी दोन मिलिअँपिअर धरली तर प्रत्येक ॲनोडच्या वाट्याला ०.४ येतो. एक मिलिअँपिअर वर्षभर वाहिला तर सुमारे १०.७ ग्रॅम जस्त खर्च होते, म्हणून आमचा ॲनोड वर्षाला साधारण सव्वाचार ग्रॅम जस्त गमावतो. कागदावर हे आयुष्य तेवीस वर्षे भरते. सगळे जस्त कधीच कामी येत नाही, म्हणून मी मनाशी बारा ते पंधरा वर्षे धरली आहेत.

आता मुख्य कसोटी. आंतरराष्ट्रीय मानकात रूढ असलेला निकष असा, की संरक्षण तोडल्याक्षणी मोजलेले सळईचे विभव पुढच्या चोवीस तासांत निदान १०० मिलिव्होल्टने मावळायला हवे. मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात तांब्याची कांडी असलेला अर्धघट, म्हणजे सळईचे विभव ज्याच्या तुलनेत मोजतात ते साधन, मी माजी सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतून दुरुस्त करून आणला. त्याच्या टोकाशी ओला स्पंज धरून खांबावर टेकवायचा. पहिल्या खांबावर खटका उघडताच उणे ५०५ आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उणे ३८५ मिळाले. फरक १२० मिलिव्होल्ट, म्हणजे हा खांब उत्तीर्ण. चार ॲनोडच्या दुसऱ्या खांबावर उणे ४३० वरून उणे ३६६, म्हणजे अवघे ६४. हा खांब आमच्या हिशेबात नापास आहे. त्याच्या सळया अधिक दाट आहेत आणि ॲनोड मात्र एक कमी. संख्या सळईच्या क्षेत्रफळावरून ठरवायला हवी होती; ती ठिगळाच्या लांबीवरून ठरली. शिवाय खांबाच्या सुमारे एक चौरस मीटर सळईला दोन मिलिअँपिअर म्हणजे बाहेरून वीज देणाऱ्या यंत्रणा ज्या पट्ट्यात, दोन ते वीस मिलिअँपिअर प्रति चौरस मीटर, काम करतात त्याचे खालचे टोक होय. ॲनोड गंजाला लगाम घालतो. गंज पूर्ण थांबवल्याची हमी मी देणार नाही.

याच आकड्यांवरून गेल्या वर्षी एक तमाशा झाला. संरचनात्मक तपासणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी खटका चालू असतानाच वाचने घेतली, उणे ५४० पाहिले आणि अहवालात 'तीव्र गंज' असे लिहून मोकळे झाले. उणे ३५० च्या खाली गंजाची शक्यता नव्वद टक्के, हा सर्वपरिचित तक्ता संरक्षणाशिवायच्या सळईसाठी आहे; जस्त जोडलेले असताना विभव खाली जाणे हेच तर अपेक्षित असते. अहवाल वाचून दोन सभासदांनी सदनिका विकायला काढण्याची भाषा केली. अभियंत्यांना नोंदवही दाखवल्यावर त्यांनी तो परिच्छेद बदलून दिला, पण ती रात्र आमच्या अध्यक्षांना झोप लागली नाही.

डोळ्यांना दिसणारा निकाल सांगायचा तर २६ ठिगळांपैकी २४ ठिगळांभोवती आजवर तडा नाही, हातोडीने ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज नाही. २०११ नंतरची कडेची चौकट चौथ्या वर्षी दिसली होती, तेव्हा या आकड्यावर मी अजून पूर्ण विसंबत नाही. जी दोन ठिगळे फसली त्यांतले एक त्या रंगलेल्या तीन खांबांपैकी एकावरचे निघाले. फोडून पाहिले तर सळईवर राखाडी लेप तसाच होता आणि वडीतले जस्त नव्यासारखे चकचकीत. ते पाहून राग आणि समाधान दोन्ही एकदमच आले. दुसरे ठिगळ पहिल्या मजल्याच्या बीमवरचे होते. तिथे वरच्या नहाणीची गळती थांबलेलीच नव्हती, आणि ॲनोड असलेल्या सळईशी तडा गेलेल्या सळईचा विद्युतसंबंधच नव्हता.

श्रेय वाटताना एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. आमचा रखवालदार वर्षानुवर्षे बोअरच्या मचूळ पाण्याने गाड्या धूत असे आणि ते पाणी थेट खांबांच्या पायथ्याशी उडत असे. मार्च २०२४ पासून ते मी बंद केले. खांबांच्या तब्येतीत त्याचा वाटा किती आणि जस्ताचा किती, हे माझी नोंदवही वेगळे करून सांगू शकत नाही.

वरच्या मजल्यांच्या छज्जांवरही हेच ॲनोड बसवावेत असा ठराव नुकताच आला, त्याला मी विरोध केला. तिथले काँक्रीट कोरडे आहे, गंजाचे कारण क्लोराइडपेक्षा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरणे हे अधिक आहे, आणि अशा जागी जस्ताला पुरेसा प्रवाह देता येत नाही. तो पैसा पाणी गळणाऱ्या पाइपांवर आणि बाहेरच्या रंगावर खर्चावा असे ठरले. नापास खांबाला मात्र येत्या फेब्रुवारीत आणखी तीन ॲनोड छिद्रे पाडून बसवायचे आहेत, आणि त्यांच्या तारांसाठी पेटीत जागा केली आहे. जुनी पेटी कंत्राटदाराने साध्या लोखंडी पत्र्याची दिली होती. पहिल्याच पावसाळ्यात ती गंजून तिचे झाकण उघडेना, म्हणून आता तिथे प्लास्टिकची लावली आहे.