टर्बोचा मोठा पंखा आणि माझी फसवणूक

माझ्या ट्रकचा मूळ टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, आता माझ्याकडे नाही. कित्येक वर्षं त्याने बिनतक्रार काम केलं, आणि मी तो स्वतःच्या हाताने, साधी पावतीही न घेता, एका माणसाच्या टेबलावर ठेवून आलो. फसवणूक तिथून सुरू झाली.

गरज खरी होती. माल भरून चढ लागला की गाडी दम टाकायची, मागून काळा धूर यायचा आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जायचं. टर्बोच्या अलीकडे बसवलेल्या पायरोमीटरचा काटा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की मी पाय उचलायचो. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा अपुरी. मग टर्बोचा हवा दाबणारा, म्हणजे कॉम्प्रेसरचा पंखा मोठा केला तर हवा वाढेल, हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही.

टर्बोचं काम करणाऱ्या त्या माणसाने सांगितलेला शब्द न् शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. मी फसलो तो त्यामुळेच. मूळ पंख्याचं तोंड ६० मिमी आणि बाहेरचा व्यास ८० मिमी, त्याजागी ६४ आणि ८६ चा बिलेट पंखा येईल म्हणाला. बिलेट म्हणजे साच्यात ओतलेला नाही, ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून मशिनवर कोरून काढलेला. हाउसिंग, म्हणजे पंख्याभोवतीचं कवच, नव्या पंख्याच्या मापाने लेथवर कापून मिळेल. पंखा मोठा झाला की शाफ्टला पुढे-मागे ढकलणारा जोर वाढतो, म्हणून तो जोर झेलणाऱ्या जुन्या २७० अंशांच्या थ्रस्ट बेअरिंगऐवजी पूर्ण ३६० अंशांचं बसेल. शेवटी सगळी कोअर, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि पंख्यांचा मधला भाग, हाय-स्पीड मशिनवर बॅलन्स होईल आणि रिपोर्ट हातात मिळेल. "दादा, एकदा बसवा आणि विसरून जा," असंही म्हणाला. पैसे सगळे आगाऊ घेतले. जुना टर्बो बदल्यात जमा करावा लागतो म्हणाला, तोही मी दिला.

टर्बो आला तेव्हा दिसायला देखणा होता. पंख्याला सोनेरी झळाळी, वर चकचकीत नट. मी व्हर्नियर लावून तोंडाचं माप घेतलं, बरोबर ६४ भरलं. माझं समाधान झालं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळा खेळ याच जागी आहे. पंख्याला दोन मापं असतात. हवा आत ओढणारं तोंड म्हणजे इंड्युसर, आणि हवा बाहेर फेकणारी मागची मोठी कड म्हणजे एक्सड्युसर. टर्बो जोडलेला असताना फक्त इंड्युसर दिसतो, एक्सड्युसर हाउसिंगच्या आड झाकलेला असतो. या दोन मापांच्या गुणोत्तराचा वर्ग करून १०० ने गुणलं की पंख्याचा ट्रिम मिळतो. माझ्या मूळ पंख्याचा ट्रिम साधारण ५६. कबूल केलेल्या ६४ आणि ८६ चा ५५ आला असता, म्हणजे घडण जवळपास तीच आणि आकार मोठा. मला मिळालेल्या पंख्याचा एक्सड्युसर नंतर मोजला तेव्हा ८० निघाला. ट्रिम थेट ६४! तोंड तेवढं वाढवलेलं, बाकी आकार जुनाच. अशा पंख्याला मुबलक वाहती हवा लागते. इंजिन हळू फिरत असताना आणि लोड असताना तेवढी हवा इंजिन घेत नाही, मग दाबलेली हवा उलटी फिरते. यालाच सर्ज म्हणतात.

रिकामी गाडी सुरुवातीला छान ओढायची. शिट्टी वाढली होती, पण मोठ्या पंख्याचा आवाज असाच असतो असं मला आधीच बजावलं होतं. माल भरल्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चढ घेताना पुढून फडफड ऐकू यायला लागली. पुढे शिट्टीचा सायरन झाला. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडला तर आत ऑइलचा ओला थर. फोन केला की उत्तर ठरलेलं: "नवीन आहे, सेट होईल." मी वाट पाहिली. तिथेच गाडी थांबवून टर्बो उतरवला असता तर निम्मं नुकसान वाचलं असतं.

एका चढावर मोठा आवाज झाला, बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा काटा शून्यावर आला आणि आरशात निळा धूर दिसला. मी ताबडतोब इंजिन बंद केलं आणि सुदैवाने ते बंद झालं. टर्बोचं ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावत राहू शकतं. किल्ली फिरवून, डिझेल तोडूनही थांबत नाही, हवेची वाट बंद करावी लागते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विकणाऱ्याने तुटलेला टर्बो उघडूनसुद्धा पाहिला नाही. "ऑइल कमी पडलंय, हे वॉरंटीत बसत नाही." एवढं बोलून विषय संपवला. बसवताना मी ऑइलची लाइन साफ केली होती, टर्बोत ऑइल भरलं होतं आणि इंजिन चालू न करता स्टार्टर मारून दाबही आणला होता. हे त्याने ऐकूनच घेतलं नाही. निदान जुना टर्बो परत दे म्हटलं, तर म्हणे तो केव्हाच गेला.

मग एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर कोअर खोलली आणि प्रत्येक भाग कापडावर मांडला. त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येकाला माहीत हवं, कारण ऑइलचं कारण पुढे करून असंख्य लोकांना परत पाठवतात. ऑइल खरंच तुटलं तर शाफ्ट त्याला आधार देणाऱ्या बुशच्या जागी तापून निळा-काळा पडतो आणि त्यावर ओरखडे येतात. माझ्या शाफ्टच्या दोन्ही जागा स्वच्छ, रंग बदललेला नाही. थ्रस्ट बेअरिंग मात्र झिजून पातळ झालेलं, आणि ते २७० अंशांचंच, बहुधा वापरलेलं. शाफ्ट पुढे-मागे जवळपास अर्धा मिलिमीटर हलत होता, जिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त हलणं म्हणजेच धोका.

हाउसिंग आतून पूर्ण गोलाईत घासलेलं होतं, पण पंख्याची शेजारशेजारची दोन-तीनच पाती टोकाला झिजलेली. मिस्त्री म्हणाले, "तीच पाती सगळीकडे घासलीत. पंखा एका बाजूला जड होता, बॅलन्स केलेलाच नाही." बॅलन्सिंग करताना नटवरून किंवा पंख्याच्या पाठीवरून थोडा धातू काढतात, त्याच्या खुणा राहतात. इथे पाठ कोरी. सोनेरी रंग खरवडल्यावर पात्यांच्या मुळाशी साच्याच्या जोडाची रेघ दिसली, म्हणजे पंखा ओतीवच. हाउसिंगही लेथवर न लावता हातातल्या ग्राइंडरने वाढवलेलं, लाटा बोटाला लागत होत्या. बॅलन्स रिपोर्टवरचा नंबर आणि कोअरवर कोरलेला नंबर जुळेना. तो कागद माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता, मी एकदाही ताडून पाहिला नाही.

असे पंखे लाखाच्या वर आरपीएमने फिरतात. ८० मिमीचा पंखा १,२०,००० ला फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ५०० मीटर होतो. तिथे बॅलन्स नसलेला ओतीव पंखा विकणं मला केवळ पैशांची फसवणूक वाटत नाही.

पंखा मोठा करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जोडणीच्या आधी पंखा मोकळा असताना दोन्ही मापं स्वतः घ्या आणि फोटो काढा. थ्रस्ट बेअरिंग डोळ्यांनी बघा. रिपोर्टवरचा नंबर कोअरशी जुळवल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. टर्बाइनची, म्हणजे एक्झॉस्टने फिरणारी बाजू जुनीच राहणार असेल तर एक्झॉस्टचा मागचा दाब किती वाढेल हेही विचारा, मी विचारलंच नव्हतं. आणि टर्बो तुटलाच, तर इंटरकूलर आतून धुतल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय नवा बसवू नका. माझ्या इंटरकूलरमधून मूठभर ॲल्युमिनियमचे तुकडे निघाले, ते पुढे इंजिनात गेले असते.

सध्या गाडीवर मूळ मापाचा टर्बो आहे, दुसरीकडून घेतलेला. बूस्ट पूर्वीइतकाच आहे, चढावर पायरोमीटर बघून पाय उचलतो. तुटलेली कोअर, तो रिपोर्ट आणि मिस्त्रींनी मापांसह लिहून दिलेला कागद एका डब्यात जपून ठेवलाय, रीतसर तक्रारीसोबत जोडण्यासाठी. मूळ टर्बोचा नंबर मी कुठेच लिहून ठेवला नव्हता, त्यामुळे तक्रारीतली ती जागा रिकामी आहे.