एक दमदार अ‍ॅम्प्लिफायर की दोन साधे?
स्पीकरच्या मागे चार टर्मिनल दिसली की दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा मोह होतोच. वूफरला (जाड, खालचे सूर देणाऱ्या भागाला) एक, ट्वीटरला (बारीक, वरचे सूर देणाऱ्या भागाला) दुसरा. (टर्मिनलना जोडणारी धातूची पट्टी आधी काढा, नाहीतर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतात.) पण स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर वेगळे करणारं सर्किट) तसाच राहतो, म्हणून फरक जेमतेम पडतो.

त्याच पैशात एकच दमदार अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर तेवढा आवाज देतो. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. तेव्हा ५० की ६० वॅट यावर डोकं शिणवू नका. ४ ओहमचा, म्हणजे कमी विद्युतरोधाचा आणि जास्त करंट ओढणारा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायर सहज पेलतो का, ते बघा. कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित, हा समजही सोडा: ताणला की क्लिपिंग होतं (आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात) आणि ट्वीटर जळू शकतो.